एका शब्दाचे दोन संसार

भोपाळास मराठी भाषा दोन वेळा आली. प्रथम आली ती घोड्यावर बसून. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामास याच शहरात कोंडून धरले, आणि पुढल्या महिन्यात, १७३८ च्या जानेवारीत, जवळच्या दोराहा येथे तह होऊन नर्मदा व चंबळ यांच्यामधील मुलखावरचा मराठ्यांचा हक्क निजामास मान्य करावा लागला. दुसऱ्यांदा आली ती सरकारी दप्तराच्या गठ्ठ्यांवर बसून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर ज्याची राजधानी होती ते जुने मध्यप्रदेश राज्य मोडले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ मिळून जो नवा मध्यप्रदेश निर्माण झाला त्याची राजधानी भोपाळ ठरली. नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कारकून आपापल्या फायलींसह इकडे आले. आमचे आजोबा त्यांपैकी एक होते.

आमची आजी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातली. तिला वाचता येत असे, परंतु जे वाचावयाचे ते मराठी, एवढीच तिची समजूत होती. भोपाळास आल्यावर थोड्याच दिवसांत आजोबांबरोबर जाताना तिने एका कचेरीवर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचली आणि घाबरून विचारले, "अहो, इथे शिक्षा द्यायला वेगळे खाते आहे काय?" आजोबा म्हणाले, "आहे तर! आणि त्याच खात्यात मला नेमले आहे." ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की लहानपणी आम्हांस ती केवळ थट्टा वाटे. पुढे वकिली करू लागल्यावर ध्यानात आले की आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकच शब्द, एकच लिपी, एक मात्राही इकडची तिकडे नाही. आणि तरीही एका भाषेत त्याचा अर्थ विद्या आणि दुसरीत दंड. हे कसे झाले, आणि या दोन अर्थांत खरोखरच काही नाते आहे काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या शब्दाचा मुलूख पाहू. मराठीत व कोकणीत ‘शिक्षा’ म्हणजे अपराधाचे प्रायश्चित्त. कोकणीत त्याच अर्थाचा ‘ख्यास्त’ हा घरगुती शब्दही आहे, आणि शिकण्याच्या व्यवहारासाठी ‘शिकप’, ‘शिकोवप’ ही सरळ क्रियापदे आहेत. गुजरातीत ‘शिक्षा’ म्हणजे दंडच. कानडीत ‘शिक्षे’, तेलुगूत ‘शिक्ष’, मलयाळममध्ये ‘शिक्ष’, सर्वांचा अर्थ तोच. उलट हिंदी, मैथिली, नेपाळी, बंगाली, असमिया व ओडिया या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, अध्ययन, अध्यापन. देशाच्या नकाशावर रेघ ओढावयाची झाली तर ढोबळमानाने असे म्हणता येईल की पश्चिमेस व दक्षिणेस हा शब्द न्यायाधीशाच्या घरी नांदतो, उत्तरेस व पूर्वेस गुरुजींच्या घरी. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेस आलेला मराठी माणूस ही रेघ ओलांडून येतो. त्याचे सामान त्याच्याबरोबर येते, परंतु शब्दाचा अर्थ मात्र मागे राहतो.

यांपैकी कानडी वा बंगाली शब्दाने घोटाळा होत नाही, कारण ती लिपीच आपणांस वाचता येत नाही. जी लिपी वाचता येत नाही ती आपणांस सावध करते. आपण कोणास तरी विचारतो. घोटाळा होतो तो देवनागरीत. मराठी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि गोव्याची राजभाषा असलेली कोकणी या सर्व आज देवनागरीत लिहिल्या जातात, आणि संस्कृतही बहुधा तीतच छापले जाते. डोळ्यांस अक्षर ओळखीचे वाटते, आणि ओळखीच्या अक्षराआड अनोळखी अर्थ दडून राहतो. १९९२ साली घटनेच्या एकाहत्तराव्या दुरुस्तीने आठव्या अनुसूचीत तीन भाषांची भर पडली : कोकणी, मणिपुरी व नेपाळी. त्यांतील कोकणी व नेपाळी या दोघींची लिपी देवनागरी. एकाच दुरुस्तीने एकाच पंक्तीस बसलेल्या या दोन भाषांत ‘शिक्षा’ या शब्दाचे अर्थ मात्र परस्परांकडे पाठ करून उभे आहेत.

हा प्रकार केवळ आपल्याच देशातला आहे असे नव्हे. रशियन, बल्गेरियन, सर्बियन, मॅसिडोनियन या भाषा सिरिलिक लिपीत लिहितात. त्यांत ‘झिवोत’ असा एक शब्द आहे. बल्गेरियन, सर्बियन व मॅसिडोनियन मनुष्य त्याचा अर्थ ‘जीवन’ असा करतो. रशियन मनुष्य ‘पोट’ असा करतो. आपणांस गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे हा शब्द आपल्या ‘जीव’ शब्दाचा फार दूरचा भाऊबंद आहे; दोहोंचे मूळ एकच. जुन्या रशियनमध्येही ‘झिवोत’चा अर्थ जीवन असाच होता. पुढे जीव जेथे पोसला जातो त्या पोटावर तो शब्द जाऊन बसला. तथापि जीवनमरणाच्या झुंजीविषयी रशियनांत जो जुना वाक्प्रचार आहे त्यात आजही ‘झिवोत’ जीवन या अर्थानेच येतो. शब्दाने घर बदलले तरी जुन्या घराच्या कोनाड्यात त्याची एखादी वस्तू राहून जाते. ही खूण ध्यानात ठेवून आता आपल्या शब्दाकडे वळू, कारण आपल्याही भाषेत तसेच कोनाडे आहेत.

‘शिक्षा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘शक्’ धातूत आहे. शक् म्हणजे समर्थ असणे, जमणे. ‘शक्य’, ‘शक्ती’ हे त्याचेच वंशज. या धातूस इच्छार्थक रूप दिले की ‘शिक्ष्’ होते. म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणे. जे आज जमत नाही ते उद्या जमावे म्हणून झटणे, हा त्या शब्दाचा जन्मार्थ होय. ऋग्वेदात हे क्रियापद साहाय्य करणे, देणे या अर्थीही येते. दुसऱ्यास समर्थ करण्याची इच्छा धरणारा तो साहाय्यकर्ता, हे त्यातून सहज निघते. पुढे धातुपाठात विद्या ग्रहण करणे या अर्थी ‘शिक्ष’ हा स्वतंत्र धातू म्हणूनच नोंदला गेला, आणि मूळच्या ‘शक्’शी असलेले त्याचे नाते सामान्य माणसाच्या नजरेआड झाले.

वैदिक काळी या शब्दास एक नेमका पारिभाषिक अर्थ होता. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्राचे वेदांग. वर्ण कोठून उच्चारावा, स्वर उंच की नीच, मात्रा किती, जोर किती, हे सारे त्यात येते. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीचे नाव ‘शीक्षावल्ली’ असे दीर्घ ईकाराने येते, आणि तिच्या आरंभीच या उच्चारविषयांची मोजणी आहे. त्याच वल्लीत पुढे, अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्यास आचार्यांनी केलेला उपदेश आहे. म्हणजे एकाच प्रकरणात अक्षर नीट उच्चारण्यापासून आयुष्य नीट जगण्यापर्यंतचा सर्व व्याप ‘शिक्षा’ या नावाखाली आला. दंडाचा येथे वासही नाही.

मग दंड आला कोठून? त्यासाठी शेजारच्या एका धातूकडे पाहावे लागते. तो धातू ‘शास्’. शिकविणे, आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे आणि दंड करणे, हे चारही अर्थ त्याच्या पोटात आहेत. ‘शिष्य’, ‘शास्त्र’, ‘शास्ता’, ‘शासन’, ‘अनुशासन’ ही सर्व त्याची संतती. जो शिकवितो तोच आवरतो, आणि जो आवरतो तोच प्रसंगी मारतो, अशी ही जुनी साखळी आहे. मराठीत ‘शासन’ म्हणजे सरकार आणि ‘शासन करणे’ म्हणजे दंड करणे, हे दोन्ही अर्थ आजही एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात. ‘शिक्ष्’ आणि ‘शास्’ हे धातू भिन्न. परंतु गुरूच्या घरी दोघांचे काम एकत्रच चाले.

आणि ते काम कोठवर चालावे याविषयी आमच्या प्राचीन शास्त्रकारांस चिंता होती, ही गोष्ट वकिलाच्या नात्याने आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. गौतमाच्या धर्मसूत्रात नियम आहे की शिष्यास वळण लावावे ते न मारता. ते अगदी अशक्य झाले तरच बारीक दोरी वा बांबूची चिरफळी वापरावी. आणि याहून निराळ्या साधनाने जो मारील त्या गुरूसच राजाने दंड करावा. मनुस्मृतीतही मारावयाचे तर पाठीवर, मस्तकावर कधीही नाही, आणि ही मर्यादा मोडणाऱ्याने चोराचा दंड भोगावा, असे सांगितले आहे. या नियमांत मारण्यास वाव दिला आहे हे खरे, आणि त्याचे समर्थन आज कोणीही करणार नाही. परंतु गुरूचा हात कायद्याच्या बाहेर नाही, हे तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. शिकविणे आणि मारणे यांच्यामधली सीमा कायद्याने आखावी लागते, हे तेव्हाही ठाऊक होते.

दोन्ही अर्थांच्या मधली पायरी पाहावयाची असेल तर पाली भाषेकडे जावे. तेथे ‘सिक्खा’ म्हणजे अभ्यास, साधना. आणि ‘सिक्खापद’ म्हणजे त्या साधनेसाठी पाळावयाचा नियम. पंचशीलातील पाच व्रते हीच पाच सिक्खापदे. भिक्षुसंघाच्या विनयात अशी अनेक सिक्खापदे असून ती मोडली असता काय प्रायश्चित्त घ्यावे हेही तेथे सांगितले आहे. शिकवण, शिकवणीतून नियम, आणि नियमभंगातून दंड, अशा तीन पायऱ्या येथे एकाच जिन्यावर दिसतात. नागपूरच्या मराठी माणसास हा शब्द परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धम्मदीक्षा घेतली व आपल्या लक्षावधी अनुयायांस दिली, तेव्हा पाच सिक्खापदांचा उच्चार त्या मैदानावर झाला. त्यानंतर अठराच दिवसांनी नागपूरची राजधानी गेली आणि आमच्या आजोबांचे बिऱ्हाड हलले. मराठी माणसाच्या कानी ‘शिक्षा’ या शब्दाचे एक जुने रूप नव्याने पडले, आणि त्याच सुमारास काही मराठी कुटुंबांस त्याचा हिंदी अर्थ शिकावा लागला, हा योगायोग आम्हांस नेहमी विचारात पाडतो.

आता मराठीने काय केले ते पाहा. प्राकृतातून आलेले ‘शिकणे’ आणि ‘शिकवण’ हे शब्द मराठीत विद्येकडेच राहिले. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले दोन शब्द, ‘शिक्षण’ व ‘शिक्षा’, यांची मात्र वाटणी झाली. विद्या पहिल्याकडे गेली, दंड दुसऱ्याकडे. ही वाटणी पूर्ण झाली असे वाटते, परंतु रशियन ‘झिवोत’प्रमाणे येथेही कोनाडे राहिलेच. ‘सुशिक्षित’ म्हणजे चांगली शिक्षा झालेला असे कोणी म्हणत नाही. ‘शिक्षक’ म्हणजे शिक्षा करणारा नव्हे, निदान नसावा. ‘प्रशिक्षण’ आणि ‘अशिक्षित’ यांतही विद्याच आहे. आणि उलट बाजूने पाहिले तर दंडाच्या भाषेत विद्या शिरलेली दिसते. कोणाची खोड मोडावयाची असली की आपण म्हणतो, ‘त्याला चांगला धडा शिकवला पाहिजे.’ हिंदी माणूसही अशा वेळी ‘सबक सिखाना’ असेच म्हणतो, आणि सबक म्हणजे पाठ. याचा अर्थ असा की ज्या भाषेने ‘शिक्षा’ शब्द दंडापासून अलग ठेवला तिनेही ती कल्पना अलग ठेविली नाही. गोव्याच्या वाचकांस पोर्तुगीजमधील ‘दिसिप्लिना’ शब्द आठवेल. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, शिकणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. परंतु ख्रिस्ती मठांत देहदंडनाच्या आसुडासही तेच नाव पडले. छडीवाचून विद्या येत नाही ही समजूत कोणा एका देशाची मिरास नाही.

हिंदीने दंडासाठी ‘दंड’ व ‘सज़ा’ हे शब्द ठेवले. त्यांच्याही बाबतीत मराठी माणसाने जपून असावे. ‘दंड’ म्हणजे मूळची काठी. मराठीत तो बव्हंशी पैशाचा दंड. हिंदीत मात्र फाशीपर्यंतचा कोणताही. ‘सज़ा’ हा फारसी शब्द. जे ज्याला योग्य ते त्याला मिळणे, मग ते इष्ट असो वा अनिष्ट, असा त्याचा जुना भाव. महाराष्ट्राच्या महसूल दप्तरात तलाठ्याच्या हाताखालील गावांस ‘सजा’ म्हणतात. भोपाळच्या आमच्या एका व्यवसायबंधूंनी ‘तलाठी सजा’ हे शब्द वाचून, बिचाऱ्या तलाठ्याने काय गुन्हा केला होता, अशी आमच्याकडे गंभीरपणे पृच्छा केली होती. आणि ‘तालीम’! अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ज्ञान देणे. जुन्या भोपाळात आजही मुलांच्या शिक्षणास ‘तालीम’ म्हणतात. मराठी माणूस तालीम म्हटले की लाल माती, लंगोट आणि जोरबैठका डोळ्यांसमोर आणतो, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. वर्ध्यास १९३७ साली महात्मा गांधींनी जी शिक्षणयोजना मांडली तिला ‘नयी तालीम’ हे नाव पडले. हाताने काम करीत शिकणे हा तिचा गाभा. त्या योजनेपुरते तरी मराठी तालमीतले अंगमेहनतीचे तत्त्व आणि उर्दू तालमीतले विद्येचे तत्त्व यांचे मनोमीलन झाले असे म्हणावयास हरकत नाही.

भोपाळला शब्दांच्या या आप्तसंबंधांचा विचार करणारी परंपरा आहे. १८६८ ते १९०१ पर्यंत राज्य करणाऱ्या शाहजहान बेगम यांनी ‘खजीनत-उल-लुगात’ नावाचा कोश सिद्ध केला. त्यात उर्दू शब्दांस फारसी, अरबी, संस्कृत, तुर्की आणि इंग्रजी प्रतिशब्द दिले आहेत. एका राज्यकर्त्या स्त्रीने, आपल्या कारभारातून वेळ काढून, सहा भाषांचे शब्द एका रांगेत बसवावे ही गोष्ट सामान्य नव्हे. त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम या पुढे १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. शब्दकोश आईने केला आणि विद्यापीठ मुलीच्या वाट्यास आले. ज्या शहरात असे घडले तेथे एका शब्दाच्या दोन अर्थांनी माणसांचे नुकसान व्हावे, हे आम्हांस अधिकच लागते. तसे नुकसान होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातून लग्न होऊन भोपाळास आलेल्या एक शिक्षिकाबाई आमच्याकडे सल्ल्यासाठी आल्या. येथील एका शाळेत त्यांनी नोकरीसाठी अर्ज केला होता. सोबत आधीच्या शाळेचे मराठी प्रमाणपत्र होते. त्यात, सेवेच्या कालावधीत यांना कोणतीही शिक्षा झालेली नाही, असे प्रशस्तीचे वाक्य होते. येथील लेखनिकाने ते हिंदी समजून वाचले, आणि सेवेत असताना बाईंनी कोणतेही शिक्षण घेतले नाही, अर्थात नोकरीत राहून पुरी करावयाची प्रशिक्षणाची अट त्यांनी पाळली नाही, असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर अर्ज फेटाळला गेला. ज्या वाक्याने बाईंची चांगली चाल सिद्ध व्हावयाची त्याच वाक्याने त्यांची पात्रता गेली. आम्ही दोन कोश घेऊन गेलो, प्रतिज्ञापत्रासह भाषांतर जोडले, आणि संस्थेने आपली चूक मान्य केली. परंतु तोवर जागा भरली होती. बाईंस वर्षभर थांबावे लागले.

या प्रकरणात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आम्ही त्या लेखनिकास विचारले, हेच प्रमाणपत्र कानडीत असते तर आपण काय केले असते? तो म्हणाला, "साहब, तब तो अनुवाद मँगवाते." यात सर्व आले. अक्षर ओळखीचे, म्हणून भाषांतर मागितले नाही. भाषांतर मागितले नाही, म्हणून अन्याय झाला. न्यायव्यवहारात तर हा धोका पदोपदी आहे. महाराष्ट्राच्या कायदेभाषेत ‘शिक्षादेश’ म्हणजे न्यायालयाने सुनावलेली शिक्षा. तिलाच मध्यप्रदेशात ‘दंडादेश’ म्हणतात. येथील वाचक ‘शिक्षादेश’ पाहून शिक्षणखात्याचे परिपत्रक समजला तर त्यास दोष कसा द्यावा? म्हणून आमचे सांगणे एवढेच की, देवनागरीतून देवनागरीत जाणाऱ्या कागदासही भाषांतर जोडावे, आणि ते जोडण्यात कमीपणा मानू नये.

परंतु हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क घातला गेला, २००९ साली तदनुसार कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. हिंदीत त्यास ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात. आमचा अमरावतीचा भाचा सुटीत आला असता शाळेच्या भिंतीवर ते शब्द वाचून म्हणाला, "मामा, इथे पोरांना शिक्षेचा अधिकार आहे? म्हणजे ती गुरुजींना उभे करतात काय?" आम्ही हसलो, आणि त्यास सांगितले की, याच कायद्याच्या सतराव्या कलमाने बालकास शारीरिक दंड करण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. म्हणजे हिंदी अर्थाच्या शिक्षेचा अधिकार देणाऱ्या कायद्यानेच मराठी अर्थाची शिक्षा शाळेतून हद्दपार केली. गौतमाने जी सीमा दोरी आणि चिरफळी यांपर्यंत आणून ठेवली होती ती आता आणखी पुढे नेऊन छडीच काढून घेतली. महाराष्ट्रातही ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि २०१८ पासून ‘समग्र शिक्षा’ ही केंद्राची नावे शाळांच्या भिंतींवर आली, तेव्हा मराठी माणसाने ती थोडे हसून का होईना, स्वीकारली. शब्द आपल्या जुन्या अर्थासह परत घरी येऊ पाहत आहे, असेच म्हणावयाचे.

शाळेतून शिक्षा गेली तरी न्यायालयात ती राहणारच. आणि तेथे तिचे मूळचे नाते विसरून चालणार नाही. भोपाळात बसून हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. १९८४ च्या डिसेंबरात, दोन व तीन तारखांमधल्या रात्री, येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपांचे स्वरूप सौम्य केल्यावर खटला मुख्यतः निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याच्या कलमाखाली चालला, आणि त्या कलमाखाली कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षांची होती. ७ जून २०१० रोजी, घटनेनंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने, दोषी ठरलेल्या हयात आरोपींस दोन वर्षांची कैद सुनावली गेली, आणि त्याच दिवशी त्यांस जामीन मिळाला. त्या संध्याकाळी जुन्या शहरातल्या आमच्या एका वृद्ध पक्षकाराने विचारले, "वकील साहब, इस सज़ा से किसने क्या सीखा?" त्यांस मराठी येत नव्हते. ‘सज़ा’ आणि ‘सीखना’ हे दोन शब्द एकत्र आणताना मराठी ‘शिक्षा’ शब्दाच्या पोटातला प्रश्न आपण विचारीत आहोत, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हांपाशी उत्तर नव्हते.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. नावातून ‘दंड’ गेला, ‘न्याय’ आला. निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी कैदेची मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढली, आणि शिक्षांच्या यादीत समाजसेवेची नवी शिक्षा आली. अपराध्याने काही काम करावे, त्यातून काही शिकावे, ही कल्पना तिच्यामागे आहे. नाव बदलल्याने न्याय होत नाही हे खरे. परंतु मृत्युदंड, कैद, जप्ती व द्रव्यदंड यांच्या पंक्तीस जेव्हा काही शिकविणारी शिक्षा येऊन बसते, तेव्हा शब्दाचे दोन अर्थ एकमेकांकडे पुन्हा वळून पाहतात एवढे खचित.

आमचे म्हणणे असे नाही की मराठीने ‘शिक्षा’ शब्द हिंदी अर्थाने वापरू लागावे, वा हिंदीने मराठी अर्थाने. भाषा अशा सूचना ऐकत नसतात, आणि ऐकूही नयेत. मराठीने ‘शिक्षण’ व ‘शिक्षा’ असे दोन निराळे शब्द केले यात सोयच झाली. परंतु दोन्ही संसार एकाच घराण्यातले आहेत, आणि त्या घराण्याचे मूळ नाव ‘समर्थ होण्याची इच्छा’ असे आहे, ही आठवण ठेवणे बरे. ज्या शिकवणुकीने मूल अधिक समर्थ होत नाही ती हिंदी अर्थाने शिक्षा नव्हे. ज्या दंडाने अपराधी, फिर्यादी आणि समाज यांपैकी कोणीच काही शिकत नाही तो मराठी अर्थानेही पुरती शिक्षा नव्हे. तो केवळ कागदावरचा आकडा.

आजी पुढे पुष्कळ वर्षे भोपाळास राहिली. हिंदी बोलू लागली, बाजारात भाव करू लागली, शेजारच्या बायकांकडून उर्दू शब्दही उचलू लागली. परंतु ‘शिक्षा विभाग’ या पाटीखालून जाताना ती शेवटपर्यंत पदर सावरून, जरा भराभर चालत असे. आजोबा विचारीत, "आता अर्थ कळला ना?" ती म्हणे, "कळला हो. पण शब्द आमच्याकडचाही आहे."